शिक्षक-शिक्षणात तंत्रज्ञान गुंफताना : नव्या अध्यापकाचार्यांसाठी मार्गदर्शन

बी.एड. किंवा डी.एल.एड. महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या अध्यापकाचार्यांकडे, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या प्राध्यापकांकडे, पहिल्याच वर्षी तंत्रज्ञानाचा विषय सोपवला जातो, हा अनुभव महाराष्ट्रात अनेकांचा आहे. वयाने लहान असल्यामुळे संगणक येत असणारच, असे गृहीत धरलेले असते. मग संगणक कक्षाची किल्ली हाती येते, प्रात्यक्षिकांची यादी येते, आणि वर्षअखेरीस प्रत्येक छात्राध्यापकाचे, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्याचे, एक पीपीटी, एक गुणतक्ता आणि एक ई-मेल खाते एवढ्यावर तो विषय पूर्ण झाल्याची नोंद होते. तेच छात्राध्यापक पुढे सराव पाठाला उभे राहतात, तेव्हा पाठ्यपुस्तकातील उतारा जसाच्या तसा पडद्यावर टाकून वाचून दाखवतात, किंवा प्रोजेक्टरची केबल सापडली नाही म्हणून तक्ता टांगून पाठ उरकतात. यात त्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही. साधन कसे चालवायचे हे त्यांना शिकवलेले असते. त्या साधनाने एखादा घटक कसा शिकवायचा, हे मात्र त्यांनी कोणालाही करताना पाहिलेले नसते. ज्या रीतीने आपल्याला शिकवले गेले त्याच रीतीने आपण शिकवू लागतो, आणि छात्राध्यापकही त्याला अपवाद नाहीत.

म्हणून या लेखाचा सारा भर एकाच गोष्टीवर आहे : तंत्रज्ञान स्वतंत्र पेपरात कोंडून न ठेवता ते अध्यापन पद्धतीच्या तासिकेत, सूक्ष्म पाठांत (एकेका अध्यापन कौशल्याच्या काही मिनिटांच्या सरावात), सराव पाठांत आणि आंतरवासितेत (शाळेतील प्रत्यक्ष कामात) आणावे. ते कोणत्या क्रमाने आणावे, याविषयी माझ्या अनुभवातून जे हाती लागले ते पुढे मांडत आहे.

पहिली पायरी : अभ्यासक्रमात आधीच असलेली जागा शोधावी

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या विनियमांनंतर, म्हणजे २०१५-१६ या शैक्षणिक वर्षापासून, बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्या रचनेत व्यावसायिक क्षमता वाढवणारे चार अभ्यासक्रम आले, आणि त्यांतील तिसरा ‘माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन’ हा आहे. यातील ‘चिकित्सक’ हा शब्द सहसा वाचला जात नाही, आणि खरा विषय त्याच शब्दात आहे. साधन केव्हा वापरावे, केव्हा बाजूला ठेवावे, त्यामुळे कोणाला शिकणे सोपे होते आणि कोण मागे पडते, हे विचारायला लावणे हा त्या अभ्यासक्रमाचा हेतू आहे. याच विनियमांनुसार शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी एकूण २० आठवडे दिले आहेत, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. विद्यापीठागणिक पेपरांची नावे आणि गुणांची विभागणी वेगळी असते. त्यामुळे दुसऱ्या महाविद्यालयाची फाइल मागून आणण्याऐवजी आपल्याच विद्यापीठाची अभ्यासक्रम पुस्तिका समोर घ्यावी.

हातात पेन्सिल घेऊन ती पुस्तिका पूर्ण वाचावी. जेथे जेथे निरीक्षण, नोंद, सादरीकरण, मूल्यमापन किंवा साहित्यनिर्मिती असे शब्द येतात, तेथे समासात खूण करावी. अशा खुणा अपेक्षेपेक्षा पुष्कळ निघतात, आणि त्या बहुतेक तंत्रज्ञानाच्या पेपराबाहेर असतात. त्यानंतर मराठी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल या अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना भेटून प्रत्येकाकडून एकच गोष्ट मागावी : ‘आपल्या विषयातला असा एक घटक सांगा, जो फळ्यावर शिकवताना मुलांच्या डोळ्यांपुढे नीट उभा राहत नाही.’ ज्येष्ठ सहकाऱ्यांना संगणकाविषयी संकोच असू शकतो. आशयाविषयी तो नसतो. त्यांच्याशी बोलणे आशयापासून सुरू केले की काम आपोआप दोघांचे होते.

या टप्प्यावर एक पथ्य पाळावे. नवे प्रात्यक्षिक वाढवू नये. छात्राध्यापकांच्या डोक्यावर आधीच फायलींचा भार असतो. जे प्रात्यक्षिक आहे त्याचेच रूप बदलावे.

दुसरी पायरी : अडचण आधी, साधन नंतर

ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये असे मांडले की विषयाचे ज्ञान आणि अध्यापनशास्त्राचे ज्ञान यांपलीकडे शिक्षकाकडे तिसरे ज्ञान असावे लागते : हा विशिष्ट आशय या मुलांना कोणत्या उदाहरणाने, कोणत्या मांडणीने कळेल याचे ज्ञान. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाची जोड दिली, आणि ती चौकट आज ‘टीपॅक’ या नावाने बी.एड.च्या पुस्तकांत आहे. एकमेकांना छेदणारी तीन वर्तुळे काढून परीक्षेत गुण मिळतात. पण ही चौकट छात्राध्यापकाला खरोखर कळावी असे वाटत असेल, तर वर्तुळे शेवटी दाखवावीत आणि सुरुवात एका घटकापासून करावी.

गणिताचा एक घटक घेऊ. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक एकाच बिंदूत मिळतात, आणि तो बिंदू म्हणजे परिकेंद्र. फळ्यावर शिक्षक सहसा लघुकोन त्रिकोण काढतात, परिकेंद्र आत येते, आणि ते नेहमी आतच असते अशी मुलांची समजूत होऊन बसते. विशालकोन त्रिकोण काढून दाखवला तरी मुलांना तो वेगळाच, अपवादात्मक त्रिकोण वाटतो. जिओजेब्रा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हाच त्रिकोण काढून एक शिरोबिंदू हळूहळू ओढला की परिकेंद्र बाजूकडे सरकते, कोन बरोबर ९० अंशांचा झाला की कर्णाच्या मध्यबिंदूवर येऊन बसते आणि कोन आणखी वाढला की बाहेर पडते. तिन्ही स्थिती एकाच आकृतीच्या आहेत, हे हलत्या आकृतीतून जसे दिसते तसे फळ्यावरच्या तीन स्वतंत्र आकृत्यांतून दिसत नाही. येथे साधनाने खडूला न जमणारे काम केले. छात्राध्यापकांना हे दाखवताना ओढणे मध्येच थांबवून विचारावे, ‘आता हा बिंदू कोठे जाईल?’ उत्तरे वहीत लिहून घ्यावीत आणि मगच पुढे ओढावे. हा प्रश्न वगळला तर जिओजेब्राचा पाठही मुलांसाठी केवळ पाहण्याची गोष्ट होऊन राहतो.

आता विज्ञानाचा घटक. विद्युत परिपथात बल्बमधून गेल्यावर धारा ‘खर्च होते’ आणि पुढे कमी उरते, अशी समजूत अनेक मुलांची असते, आणि खरे सांगायचे तर काही छात्राध्यापकांचीही असते. कोलोरॅडो विद्यापीठातील ‘फेट’ प्रकल्पाची अनुरूपणे, म्हणजे पडद्यावर करून पाहण्याचे आभासी प्रयोग, मोफत उपलब्ध आहेत आणि त्यांतील अनेक मराठीतही आहेत. या प्रकल्पाची सुरुवात २००२ मध्ये कार्ल वाइमन या नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने केली. परिपथाच्या अनुरूपणात इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, आणि बल्बच्या दोन्ही बाजूंना अमीटर लावला की दोन्हीकडे धारा सारखीच भरते. परंतु माझा आग्रह असा आहे की सेल, वायर आणि बल्ब घेऊन मुलांनी परिपथ आधी हाताने जोडावा. हे साहित्य फार महाग नसते, आणि सैल जोडणीमुळे बल्ब न लागणे हेही शिकण्यासारखेच असते. पडद्यावरचा परिपथ त्यानंतर यावा, कारण त्याचे काम डोळ्यांना न दिसणारे दाखवणे हे आहे. जे हाताने करता येते ते त्याने हिरावून घेऊ नये.

भूगोलात इस्रोचे ‘भुवन’ किंवा गुगल अर्थ उघडून स्वतःच्या गावाचा ओढा आणि टेकडी शोधली, आणि मग नकाशावरील समोच्च रेषा वाचल्या, तर त्या रेषांना अर्थ येतो. मराठीत कवितेचे वाचन ध्वनिमुद्रित करून स्वतःचेच ऐकले की विराम, ‘न’ आणि ‘ण’ यांतला फरक आणि आवाजातील चढ-उतार छात्राध्यापकाच्या कानाला आपोआप खटकू लागतात. त्यासाठी मोबाइलमधील साधे ध्वनिमुद्रण पुरते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडची फार चर्चा झाली. छात्राध्यापकांशी बोलताना त्या कामाचा आरंभ कोठे होता हेही सांगावे. मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकाची भाषा वेगळी. ती अडचण ओळखून आशय त्यांच्या भाषेत आणण्याचे काम आणि क्यूआर कोडचे काम ही बरोबरीने चालली. आधी मूल कोठे अडते आहे ते दिसले पाहिजे.

यासाठी पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, एक छोटा बदल सुचवतो. ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात साधनाचे केवळ नाव न लिहिता एक पूर्ण वाक्य लिहायला लावावे : या घटकात मुले अमुक ठिकाणी अडतात, आणि अमुक साधनामुळे त्यांना अमुक दिसेल, ऐकू येईल किंवा करून पाहता येईल. हे वाक्य लिहिता येत नसेल तर त्या पाठात ते साधन नको.

तिसरी पायरी : स्वतःच्या तासिकेत वापरून दाखवावे

आपण व्याख्यान देऊन ‘तंत्रज्ञानामुळे अध्ययन विद्यार्थिकेंद्री होते’ असे सांगितले, तर छात्राध्यापक ते उतरवून घेतील आणि विसरतील. पियाजे किंवा व्हायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांचे सिद्धांत शिकवताना तासिकेच्या सुरुवातीला मोबाइलवर तीन प्रश्नांची प्रश्नावली द्यावी, आलेली उत्तरे लगेच पडद्यावर दाखवावीत, आणि ज्या प्रश्नाला बहुतेकांनी चुकीचे उत्तर दिले तेथूनच तासिका सुरू करावी. शेवटची पाच मिनिटे मागे वळून पाहण्यासाठी ठेवावीत : मी ही प्रश्नावली का दिली, तिच्यामुळे आजच्या तासिकेत काय बदलले, आणि हेच काम हात वर करायला सांगून झाले असते का? कधी कधी ‘झाले असते’ हेच खरे उत्तर असते, आणि ते आपण मोकळेपणाने मान्य करावे. वर्गात ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची आधी, एकांतात चौकशी करावी आणि प्रश्नावली जोडीने सोडवायला द्यावी, म्हणजे कोणाला अवघडल्यासारखे होत नाही.

चौथी पायरी : सूक्ष्म अध्यापनात मोबाइल

शिक्षक-शिक्षणात तंत्रज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग कोठे होतो, असे मला कोणी विचारले तर मी सूक्ष्म अध्यापनाचे नाव घेईन. हे तंत्र १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केले, आणि स्वतःचा पाठ पडद्यावर पाहणे हा त्याचा भाग पुढे लवकरच झाला. आपल्याकडे ध्वनिचित्रमुद्रणाची साधने महाग होती, म्हणून भारतीय प्रतिमानात ती जागा सहाध्यायी निरीक्षकांनी घेतली. ३६ मिनिटांचे चक्र आपल्याला पाठ आहे : अध्यापन ६, प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय) ६, पुनर्नियोजन १२, पुनराध्यापन ६ आणि पुनर्प्रत्याभरण ६ मिनिटे. आज प्रत्येक गटात निदान एक चांगला मोबाइल असतो. जी उणीव केवळ साधनांअभावी राहिली होती, ती आता भरून काढता येते.

मांडणी अशी करावी. मोबाइल आडवा धरून, पुस्तकांच्या आधाराने किंवा साध्या तिकाटण्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर ठेवावा. खिडकी मोबाइलच्या मागे असावी. ती शिक्षकाच्या मागे असली तर चेहरा काळा दिसतो. चौकटीत फळा आणि शिक्षक दोन्ही यावेत. आवाज ही खरी अडचण असते, कारण छताच्या पंख्याची घरघर शब्द गिळते. पंखा सहा मिनिटे बंद ठेवावा, किंवा शिकवणाऱ्याच्या खिशात दुसरा मोबाइल ठेवून त्यावर केवळ आवाज घ्यावा. चित्राचा दर्जा कमी ठेवला तर जागा कमी लागते. चेहऱ्यावरचे भाव आणि फळ्यावरचे अक्षर दिसले की पुरे.

आता मुख्य अडचण वेळेची. सहा मिनिटांचे चित्रण प्रत्याभरणाच्या सहा मिनिटांत पूर्ण पाहिले तर बोलायला एक मिनिटही उरत नाही. म्हणून निरीक्षकाने पाठ चालू असतानाच कागदावर दोन जागांच्या वेळा टिपाव्यात, एक चांगल्या क्षणाची आणि एक सुधारण्याजोग्या क्षणाची, आणि प्रत्याभरणात तेवढाच मिनिट-दीड मिनिटाचा भाग दाखवावा. पूर्ण चित्रण छात्राध्यापकाने घरी, एकट्याने पाहावे.

घरी पाहतानाही एका वेळी एकच गोष्ट मोजायला द्यावी. प्रश्न कौशल्याचा पाठ असेल तर प्रश्न विचारल्यापासून उत्तर घेईपर्यंत किती सेकंद थांबलो, हे मोजावे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिले की शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि तोच विराम तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरे लांबतात आणि अधिक मुले बोलू लागतात. हे संशोधन मी अनेक वर्षे तोंडी सांगत आलो. पण ज्या छात्राध्यापिकेने स्वतःच्या चित्रणात आपणच प्रश्न विचारून आपणच उत्तर देत असल्याचे मोजले, तिला ते पुन्हा सांगावे लागले नाही. उद्दीपन बदलाच्या (मुलांचे लक्ष टिकवण्यासाठी हालचाल, आवाज बदलण्याच्या) पाठात वर्गात किती जागा बदलल्या ते पाहावे, प्रबलनाच्या (मुलांच्या प्रतिसादाला उत्तेजन देण्याच्या) पाठात ‘छान’, ‘शाबास’ हे शब्द सोडून आणखी काय म्हटले ते लिहावे. फलक लेखनासाठी चित्रणही नको : पाठ संपल्यावर शेवटच्या बाकावरून फळ्याचे एक छायाचित्र घ्यावे आणि तेथून काय वाचता येते ते स्वतःच ठरवावे.

चित्रण छात्राध्यापकाच्या स्वतःच्या मोबाइलमध्येच राहील, ते गटाच्या व्हॉट्सॲपवर जाणार नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सर्वांसमोर सांगावा आणि काटेकोर पाळावा. स्वतःला पडद्यावर पाहणे अनेकांना जड जाते. कोणी नको म्हटले तर पहिल्या चक्राला केवळ आवाज घ्यावा. दुसऱ्या चक्राला ते बहुधा स्वतःहून तयार होतात.

पाचवी पायरी : आंतरवासितेआधी शाळा पाहून यावी

महाविद्यालयाच्या संगणक कक्षात उत्तम झालेला पाठ शाळेत फसतो, आणि त्याची कारणे फार साधी असतात. म्हणून आंतरवासिता सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी छात्राध्यापकांच्या दोघा-तिघांच्या गटाने शाळेत जाऊन पाहणी करावी. वर्गात प्लगचे सॉकेट आहे का आणि ते फळ्यापासून किती लांब आहे. वीज कोणत्या वेळेला जाते. टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर तो चालू आहे का आणि त्याची किल्ली कोणाकडे असते. पेन ड्राइव्ह लावला की मराठी नावाची फाइल उघडते का. दुपारच्या उन्हात भिंतीवरचे चित्र दिसते का. मोबाइलचे नेटवर्क वर्गात मिळते की केवळ मैदानात. हे सगळे लिहून आणावे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत लोकसहभागातून टीव्ही आणि प्रोजेक्टर आलेले आहेत, आणि तेथील शिक्षक ते छात्राध्यापकांपेक्षा अधिक सफाईने वापरतात. अशा शिक्षकांचा एक पाठ पाहण्याची परवानगी आधीच मागून घ्यावी.

पाहणीनंतर प्रत्येक पाठाच्या टाचणात समासात दोन ओळी वाढवाव्यात : इंटरनेट नसेल तर काय, आणि वीजही नसेल तर काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा तयारीत असते. ‘दीक्षा’ या केंद्र शासनाच्या मंचावरील साहित्य ॲपमध्ये आधी उतरवून ठेवता येते, फेटची अनुरूपणे संगणकावर उतरवून इंटरनेटशिवाय चालतात, आणि जिओजेब्राही संगणकावर बसवता येतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छात्राध्यापकाच्या विषयज्ञानात असते. परिकेंद्राच्या पाठात वीज गेली तर कागदावर काढलेला त्रिकोण न कापता कागदाला घड्या घालून लंबदुभाजक काढता येतात. प्रत्येक गटाला वेगळ्या आकाराचा त्रिकोण दिला तर आत, बाजूवर आणि बाहेर या तिन्ही जागा वर्गातच सापडतात. गेल्या काही वर्षांत मी असे पाहिले आहे की ज्यांनी ही दुसरी ओळ मनापासून लिहिली, त्यांचा वीज असतानाचा पाठही अधिक चांगला झाला, कारण त्या ओळीसाठी त्यांना घटकाच्या मुळाशी जावे लागले होते.

छोटा स्पीकर मात्र स्वतःचा बरोबर न्यावा. चाळीस मुलांच्या वर्गात मोबाइलचा आवाज तिसऱ्या बाकापुढे पोहोचत नाही.

सहावी पायरी : मराठी साहित्य, मराठी अक्षर

मराठी माध्यमासाठी साहित्य शोधताना ‘बालभारती’च्या पाठ्यपुस्तकापासून सुरुवात करावी. पुस्तकातील क्यूआर कोड दीक्षावर नेतो, आणि तेथील चित्रफीत निदान त्याच घटकाची आणि त्याच परिभाषेतली असते. ती पूर्ण लावण्याचा मोह टाळावा. छात्राध्यापकाने ती आधी दोनदा पाहून नेमका कोणता दीड-दोन मिनिटांचा भाग लागतो, तो कोठे थांबवायचा आणि थांबवून काय विचारायचे हे टाचणात लिहावे. गोष्टींसाठी ‘प्रथम बुक्स’चा २०१५ मध्ये सुरू झालेला ‘स्टोरीवीव्हर’ हा मंच उपयोगी आहे. तेथील गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्यामुळे लेखक-चित्रकारांचे नाव देऊन त्या छापता येतात आणि दुसऱ्या भाषेत नेता येतात. मेळघाट, नंदुरबार किंवा गडचिरोलीत काम करणाऱ्या छात्राध्यापकांनी अशी एखादी गोष्ट मुलांच्या घरच्या भाषेत, तेथील जाणत्या माणसांच्या मदतीने आणावी. कोरकू, पावरी किंवा माडिया बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाला त्याची किती सोबत होते, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. इंटरनेटवर सापडलेले प्रत्येक चित्र मोफत वापरण्याजोगे नसते, आणि ज्याचे आहे त्याचे नाव स्लाइडच्या तळाशी द्यायचे असते, ही सवय शिक्षक होण्याआधीच लागली पाहिजे.

टंकलेखनाकडे फार दुर्लक्ष होते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली फाइल शाळेच्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांची रांग दिसते. सर्व साहित्य युनिकोडमध्येच असावे, आणि इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठीचा प्रमाण कळफलक पहिल्या सत्रातच शिकवावा. रोज पंधरा मिनिटांच्या सरावाने तो काही आठवड्यांत हाती बसतो. मोबाइलवर बोलून टंकन होते, पण ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हे पुन्हा तपासावीच लागतात. पहिली-दुसरीसाठी साहित्य करणाऱ्यांनी फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ पाहावेत. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरवताना पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ स्वीकारला, तर अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळणाची अक्षरे असतात. मोठ्यांना हा फरक जाणवत नाही. जे मूल आजच अक्षर ओळखू लागले आहे, त्याला पुस्तकातला ‘ल’ आणि पडद्यावरचा ‘ल’ ही दोन वेगळी अक्षरे वाटतात.

दृष्टिबाधित छात्राध्यापक किंवा विद्यार्थी असतील तर एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे मोफत स्क्रीन रीडर बसवून आपली स्वतःची नोट्सची फाइल त्यावर ऐकून पाहावी. छायाचित्र काढून पाठवलेले पान ते थेट वाचू शकत नाही. टंकलिखित मजकूर वाचते.

सातवी पायरी : मुलांची माहिती आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

आंतरवासितेच्या अहवालात मुलांची छायाचित्रे चिकटवण्याची जुनी प्रथा आहे, आणि आता ती छायाचित्रे समाजमाध्यमांवरही जातात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे, आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीचे तत्त्व घातले आहे. कायद्याची भीती घालण्याची गरज नाही. छात्राध्यापकांना एवढेच विचारावे की गृहपाठ न केल्याबद्दल उभे केलेल्या आपल्या लहान भावाचा फोटो कोणी असा टाकला तर चालेल का. अहवालात मुलांच्या कामाची छायाचित्रे द्यावीत, चेहऱ्यांची नको. गुणतक्त्यांत नावाऐवजी क्रमांक वापरावेत, आणि मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणतेही चित्रण करू नये.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर पाठ टाचणांचे स्वरूपच बदलले. एकाच साच्यातली, सुबक आणि पोकळ टाचणे आपल्या टेबलावर येऊ लागली आहेत. बंदी घालून हे थांबत नाही, आणि माझ्या मते थांबवूही नये. ते तपासण्याची तयारी मात्र करून घ्यावी. एक कृती उपयोगी पडते. वर्गासमोर एखाद्या घटकाचे टाचण अशा साधनाकडून तयार करून घ्यावे आणि छात्राध्यापकांनी लाल पेनाने ते दुरुस्त करावे. बालभारतीची संज्ञा वापरली आहे का, की ‘पेशी’च्या जागी ‘कोशिका’ आणि ‘घनते’च्या जागी ‘घनत्व’ असे हिंदी शब्द शिरले आहेत? उदाहरणे आपल्या मुलांच्या परिसरातली आहेत का? मुले कोठे अडतील याचा एक तरी विचार त्यात आहे का? दिलेली माहिती पुस्तकाशी ताडून पाहिली का? या दुरुस्तीलाच गुण द्यावेत. मुलांची नावे, गुण किंवा घरची परिस्थिती अशा साधनात कधीही भरू नये, हेही त्याच तासिकेत सांगावे.

आठवी पायरी : गुणदानाची पद्धत बदलावी

छात्राध्यापक जेथे गुण असतात तेथेच श्रम घेतात, आणि त्यात गैर काही नाही. सजवलेल्या स्लाइडला गुण राहतील तोवर स्लाइड सजवल्याच जातील. तंत्रविज्ञानाधिष्ठित पाठाच्या निरीक्षण तक्त्यात म्हणून तीन प्रश्नांना सर्वाधिक वजन द्यावे : साधनामुळे मुलांना असे काय दिसले किंवा करता आले, जे एरवी झाले नसते, साधन चालू असताना मुले काय करत होती, आणि पाठानंतर मुलांच्या वह्यांत किंवा उत्तरांत काय आढळले. साधन न वापरण्याचा निर्णय योग्य कारणासह घेतला असेल तर त्यालाही पूर्ण गुण मिळावेत, आणि ही तरतूद तक्त्यावर छापलेली असावी, म्हणजे निरीक्षक बदलला तरी ती बदलणार नाही.

पहिल्या वर्षी या आठही पायऱ्या चढण्याचा प्रयत्न करू नये. प्रवेशप्रक्रिया लांबते आणि पहिले सत्र हातात कमीच उरते. त्या सत्रात सूक्ष्म अध्यापनाचे चित्रण आणि टाचणातले ते एक वाक्य एवढेच घ्यावे. दुसऱ्या सत्रात दोन सहकाऱ्यांबरोबर प्रत्येकी एक घटक निवडून तो स्वतः शिकवून दाखवावा, शाळांची पाहणी करून घ्यावी आणि निरीक्षण तक्ता प्राचार्यांपुढे ठेवावा. आंतरवासिता संपली की ज्या वर्गशिक्षकांच्या हाताखाली छात्राध्यापकांनी पाठ घेतले त्यांना एक दुपार महाविद्यालयात बोलवावे, चहा घेत घेत कोणते पाठ मुलांना अजून आठवतात ते विचारावे, आणि त्यांनी सांगितलेल्या पाठांची टाचणे पुढच्या तुकडीसाठी ग्रंथालयात जपून ठेवावीत.